तानपुरा, प्रश्नचिन्हासकट

‘साहेब, त्या दिवशी आपण कुठल्या रांगेत बसला होता, तेवढं कळवावं.’

फुलस्केप कागदावर निळ्या शाईत हे एवढंच. खाली सही आणि मिरजेचा पत्ता.

मी एका दैनिकासाठी मैफलींवर आणि नव्या ध्वनिमुद्रणांवर लिहितो, आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतो. बहुतेक पत्रं ठरलेल्या वळणाची असतात. तुम्हाला अमुक घराण्याचं वावडं आहे. अल्बममधल्या ठुमरीबद्दल चार ओळीच का? आणि हमखास येणारा प्रश्न म्हणजे, तुम्ही स्वतः कधी चार लोकांसमोर गायला आहात का? (गायलो आहे, आठवीत. पुढे लोकांनीच थांबवलं.) पण रांग विचारणारं पत्र पहिल्यांदाच आलं होतं.

प्रकरण जानेवारीतल्या एका संगीत महोत्सवाचं. पहिल्या सत्रात, दिवेलागणीला, एका नावाजलेल्या गायिकेने मारवा हा मावळतीचा राग मांडला. वेळेवर गायलेला मारवा हल्ली उघड्यावर क्वचितच ऐकायला मिळतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहाला सहसा ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, म्हणून सगळे राग संध्याकाळच्या चार तासांत कोंबावे लागतात आणि मध्यरात्रीचा मालकंसही साडेसातला ऐकावा लागतो. त्या दिवशी सूर्य आणि राग दोघेही वेळेवर होते. मी मात्र लिहायला बसलो सव्वादहाला. मधे आणखी तीन कलाकार होऊन गेले होते आणि पान पावणेअकराला सोडायचं होतं. साडेतीनशे शब्दांत चार जणांचा निकाल. मारव्याबद्दल मी लिहिलं: ‘बाईंचा षड्ज डळमळत होता, मागचे उतरलेले तानपुरेही त्याला कारण होते. द्रुतात त्याच त्या ताना फिरून फिरून आल्या.’ (षड्ज म्हणजे सा, सगळ्या सुरांचा पाया. तानपुरा उतरला म्हणजे त्याच्या तारा सुरातून खाली घसरल्या. द्रुत म्हणजे जलद लय.)

पत्राला उत्तर पाठवलं: तिसरी रांग, डावीकडे, स्पीकरच्या पुढ्यात. खाली फोन नंबरही दिला. चार दिवसांनी फोन आला.

“मग तुमी तानपुरा ऐकलाच न्हाई साहेब. स्पीकर ऐकलासा.”

बोलणारे तानपुरे बनवणारे कारागीर होते. ते दोन्ही तानपुरे त्यांच्याच हातचे, आणि जवारी (तारेखालची घोडी घासून नाद खुलवण्याचं काम) त्यांनी आदल्या आठवड्यात स्वतः पुण्याला येऊन काढून दिलेली. रागावलेले मुळीच वाटले नाहीत. म्हणाले, “मागं बसून वाजवणारी पोरगी मला फोन करून विचारती, ‘चाचा, खरंच उतरला होता का वो?’ तिला मी काय सांगू, ते तुमी सांगा.”

तो फोन ठेवल्यावर मी त्या संध्याकाळची वही काढली. मारव्याच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘सा डळमळीत. तानपुरा?’ पुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह. पावणेअकराच्या घाईत शब्द छापायला गेला आणि प्रश्नचिन्ह वहीत राहिलं. वीस वर्षं हे काम करतोय. अशी आणखी किती चिन्हं जुन्या वह्यांत पडून असतील, हे बघायचा धीर त्या दिवशी झाला नाही.

पुढच्या महिन्यात सांगलीत काम निघालं, तेव्हा मिरजेला उतरलो. स्टेशनवरून रिक्षावाल्याला ‘सतारमेकर गल्ली’ एवढं सांगितलं की पुरतं. इथली शिकलगार घराणी मुळात हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे, त्यामुळे या गावाच्या तानपुऱ्याला ऐकणारा कानही घरचाच मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “कागद आला. भोपळा काय स्वस्त झाला न्हाई.”

दुकान दहा बाय बाराचं असेल. छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. चहा झाला. मग चाचांनी दोन तानपुरे काढले. एक स्वतःकडे घेतला, दुसरा नातवाच्या हातात दिला. पहिली तार एरवी पंचमाला लावतात, पण मारव्यात पंचम नाही, म्हणून ती निषादाला मिळवली, मग षड्जाच्या जोडीच्या तारा, मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार. सूर बारीक जुळवायचे मणी केसभर वर, केसभर खाली. दोन्ही वाद्यं मिळाली तशी खर्जातून गंधार आपसूक उमटायला लागला.

“डोळं मिटा,” चाचा म्हणाले. “मारवा गुणगुणत ऱ्हावा. रे-ध, रे-ध. षड्जावर यायचं न्हाई. मी सांगितल्यावरच या.”

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगितलंय, पण दुकानात दोघेच होते. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत धरून घोळवत राहिलो. पुरिया रागात हेच स्वर असतात, पण तिथे गंधार-निषाद माणसाला धरून ठेवतात. मारवा तसा आधार देत नाही. पाचेक मिनिटांत कानाला धैवतच घर वाटायला लागलं. मग चाचा म्हणाले, “आता या.” मी षड्ज लावला आणि तो मलाच परका वाटला. तारांशी बसेना.

“कुठला उतरला? माझा का पोराचा?”

“पोराचा,” मी म्हणालो. अगदी खात्रीने म्हणालो.

नातवाने मोबाइलवरचा ट्यूनर दोन्ही तानपुऱ्यांच्या जोडीच्या तारांजवळ धरला. काटा दोन्ही वेळा बरोबर मधोमध थांबला. खुंटीला कोणी हातही लावलेला नव्हता.

आता यावर माझं म्हणणंही नोंदवतो. दुकानात तानपुरे जागेवर होते म्हणून त्या संध्याकाळी मांडवात ते तसेच होते, हे काही सिद्ध होत नाही. जानेवारीतला गार वारा, वरून दिव्यांची धग. तार उतरूही शकते. चाचांनीही ते नाकारलं नाही. पण ती उतरली होती हे मला ठाऊक नव्हतं, आणि छापलं मात्र ठाऊक असल्यासारखं.

निघताना विचारलंच, “आणि तानांचं लिहिलं होतं ते?”

“ते बरोबर हाय,” चाचा खाली बघत म्हणाले. “पण ते त्यांस्नी तुमीच सांगा. मला तानपुरं विकायचं हाईत.”

दोन ओळींचा खुलासा पेपरात आला, सहाव्या पानावर, एका वधूवर मेळाव्याच्या जाहिरातीखाली. गायिकेकडून काही कळलं नाही. त्या मुलीला मी चाचांकरवी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत वहीतली ती ओळ जशीच्या तशी उतरवली, प्रश्नचिन्हासकट.

पण त्या दिवशी लगेच निघणं काही झालं नाही. गाडीला तास होता. चाचा एका नव्या तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते. दोन-तीन हात मारायचे, तार बसवायची, तिच्याखाली सूत सरकवायचं, छेडायचं. तार एकदम खुलली, दुकानभर घुमली. निदान मला तसं वाटलं.

“आता?” त्यांनी विचारलं.

“थांबा,” मी म्हणालो. “परत एकदा छेडा.”