घारापुरीच्या तोफा पोर्तुगीजांच्या नाहीत, आणि वाटही दहा मिनिटांची नाही

'तोफा पोर्तुगीजांच्या, वर जायला दहा मिनिटं.' मुंबईजवळच्या घारापुरी (एलिफंटा) बेटाच्या धक्क्यावर गाठ पडलेल्या एका वाटाड्यानं हे दोन्ही छातीठोकपणे सांगितलं आणि त्याचे माणशी इतके पैसे मागितले, की तेवढ्यात पुणे-मुंबई रेल्वेचं जाऊन-येऊन तिकीट निघालं असतं. दोन्ही गोष्टी साफ चूक आहेत. वाटाड्या घेऊ नका. वाट मळलेली आहे, लेण्यांच्या आवाराजवळून वर चढते, कुणालाही विचारा, फुकट सांगतील.

पुण्याहून पहाटेची गाडी, गेटवेहून तासाभराची लाँच, यात सांगण्यासारखं काही नाही. त्रास आहे तो शेवटच्या चढाचा. डोंगर दोनशे मीटरसुद्धा उंच नाही, दर रविवारी सिंहगड करणाऱ्यांना तो किरकोळ वाटेल. पण सिंहगडावर वारा असतो. इथं खाडीची दमट हवा, भर दुपार, सावलीचा पत्ता नाही आणि पायाखाली सुटी माती. घाम वाळतच नाही. आमच्यातले दोघे, एरवी राजगड हसत चढणारे, अर्ध्या वाटेवर डोकं धरून बसले. माणशी दोन लिटर पाणी सॅकच्या आत ठेवा. हातातली बाटली माकडं हिसकावतात. आधी तोफा, मग लेणी, हाच क्रम धरा. उलट केलंत तर ऐन उन्हात चढावं लागेल.

वर पोचल्यावर मात्र सगळा शीण गेला. काँक्रीटच्या गोल खड्ड्यात बसवलेली अजस्र तोफ, तिचं तोंड बंदराकडे. त्या तोंडात डोकावून पाहा. आतल्या भिंतीवर पिळासारख्या वळत गेलेल्या खाचा दिसतात. या खाचांमुळे गोळा स्वतःभोवती फिरत जातो आणि लांबवर सरळ पोचतो. पोर्तुगीजांच्या काळातल्या मोठ्या तोफा आतून गुळगुळीत असत, गोल गोळा सहसा तोंडातूनच ठासायचा. ही तोफ मागून भरायची आहे, ब्रिटिशांची. पोर्तुगीजांच्या कथेचा निकाल तिथंच लागतो.

डोंगरमाथाच का निवडला असेल? जहाज किती लांब आहे हे कळल्याशिवाय नेम लागत नाही. तुम्ही समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहात हे पक्कं ठाऊक असेल, तर जहाज जिथं पाण्याला टेकतं तिथवर दुर्बीण किती अंश खाली झुकते त्यावरून अंतर काढता येतं. भरती-ओहोटीनं पाण्याची पातळी बदलते, म्हणून तेवढी दुरुस्ती करावी लागे. किनारी तोफखान्याचं गणित हे असं होतं. ते समजून घेतल्यावर वरून समोरचं बंदर पाहताना अंगावर काटा आला.

ब्रिटिशांना 1885 च्या सुमारास मुंबईवर रशियन आरमार चालून येण्याची धास्ती होती, आणि बंदराच्या संरक्षणाला तेव्हा जोर आला. मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक या बंदरातल्या खडकाळ बेटांवरही तोफा होत्या. तिथं आपल्याला जाता येत नाही. समुद्रातून हल्ल्याची भीती पोकळ नव्हती. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री एमडेन या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे विमानं आणि क्षेपणास्त्रं आल्यावर एका जागी खिळलेल्या तोफांचा उपयोग संपला. खुद्द ब्रिटननं आपला किनारी तोफखाना 1956 मध्ये बरखास्त केला.

तोफेवर नावं कोरलेली पाहून फार चीड आली. लहान मुलांना तिच्यावर चढवून फोटो काढणारेही होते. गंजलेल्या कडा धारदार आहेत, चढवू नका. खाली दारूगोळ्याच्या खोल्या आहेत. मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका, डोक्याला लावायचा टॉर्च हवाच.

सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाहीत. परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटते हे उतरल्या उतरल्या धक्क्यावरच विचारून घ्या. संध्याकाळी पाचच्या डेक्कन क्वीनचं आरक्षण मात्र करू नका. तोफा नीट पाहायच्या असतील तर ती गाडी मिळत नाही. रात्रीची गाडी किंवा दादरहून शिवनेरी बस धरा.