स्वतःच्या पोकलेनवर बाहेरची कामं घेताना

स्वतःच्या बांधकामासाठी किंवा जमिनीसाठी घेतलेलं मिनी पोकलेन मधल्या काळात उभं असतं. मग ओळखीतलं कोणीतरी विचारतं, "आमचा एक चर मारून द्याल का?" आणि बाहेरची कामं सुरू होतात. मशीन तर आपलंच आहे, डिझेल आणि दिवसाची मजुरी सुटली की बास, असा हिशेब बहुतेक जण मांडतात. तो पहिल्या मोठ्या दुरुस्तीपर्यंतच टिकतो. बाहेरच्या कामात पैसे मिळतात, चांगले मिळतात, पण मशीनचा एक तास आपल्याला नेमका कितीला पडतो हे माहीत असेल तरच.

हा आकडा काढायला एक वही पुरते. डिझेल अंदाजाने धरू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, अवरमीटरचं (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग लिहा, आठ-दहा तास काम झाल्यावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा. जेवढे लिटर लागले त्याला तासांनी भागा. तीन टनी मशीन साधारण ताशी ३ ते ५ लिटर घेतं, ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचा हातोडा, लावला की वरच्या टोकाला जातं. नंतर सर्व्हिसिंग. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बहुतेक मशीनना २५० तासांना, डिझेल फिल्टर ५०० तासांच्या आसपास, हायड्रॉलिक ऑइल २००० तासांच्या आसपास. तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा आणि प्रत्येक खर्चाला त्याच्या तासांनी भागा. इथपर्यंत सगळे येतात. राहून जातात ते रबर ट्रॅक, सांध्यांमधल्या पिना-बुश, बकेटचे दात, होजपाइप आणि मशीनची उतरणारी किंमत. आजची किंमत वजा विकताना मिळेल ती किंमत, भागिले तोवर चालणारे तास: हा भाग पुष्कळदा डिझेलपेक्षा मोठा निघतो. या सगळ्याच्या बेरजेवर स्वतःची मजुरी लावायची, मग दर सांगायचा.

दुसरी गळती अवरमीटरच्या बाहेरची. मीटरवर तीन तास दिसतात आणि दिवस मात्र पूर्ण गेलेला असतो. जागा बघायला जाणं, मशीन ट्रेलरवर चढवणं, चेन बांधणं, बकेट बदलणं, परत येऊन धुणं, यातलं काहीच मीटर मोजत नाही. त्यामुळे किमान अर्ध्या दिवसाचं बिल आणि ने-आण वेगळी, हे फोनवरच सांगून टाकावं. ट्रेलरचं वजन धरताना मशीनसोबत जादा बकेट, ब्रेकर आणि खुद्द ट्रेलर हे सगळं मोजा; ओढणाऱ्या गाडीची मर्यादा या बेरजेला लागू असते. चढवण्याआधी ट्रॅकचा चिखल झाडून घ्या, ओल्या लोखंडी रॅम्पवर चिखलाचा रबर ट्रॅक सरळ घसरतो. वर गेल्यावर बकेट तळावर टेकवायची आणि चारही कोपऱ्यांना बांधायचं.

काम तासावर घ्यायचं की उक्तं, यावर माझं मत स्पष्ट आहे: जमिनीत काय आहे ते दिसल्याशिवाय उक्तं घेऊ नये. गिऱ्हाईकाला उक्तं आवडतं, कारण त्याची जोखीम आपल्याकडे येते. द्यायचंच असेल तर आधी एक चाचणी खड्डा पूर्ण खोलीपर्यंत घ्या आणि मग आकडेमोड करा.

समजा २० मीटर लांब, ०.६ मीटर रुंद, १.२ मीटर खोल चर आहे. जमिनीतलं माप १४.४ घनमीटर. पण खोदलेली माती फुगते: साधी माती पंचवीस-तीस टक्के, चिकणमाती त्याहून जास्त, फोडलेला खडक दीडपटीच्या आसपास. म्हणजे ढीग १८ ते १९ घनमीटरचा होतो. ६ घनमीटरच्या टिपरच्या तीन खेपा आणि वर थोडा माल उरतो, म्हणजे प्रत्यक्षात चौथी खेप. वजनही बघा. जमिनीतल्या एका घनमीटरचं १.७ टन धरलं तर एकूण साधारण साडेचोवीस टन होतात, म्हणजे भरलेल्या टिपरमागे जवळपास आठ टन. लहान टिपरला ते झेपत नसेल तर खेपा आणखी वाढतात. नवखा माणूस चौदा घनमीटरवर दर सांगतो आणि माल वाहण्यातच कमाई घालवतो.

उक्त्या कामाच्या कागदावर चार ओळी हव्यातच. लांबी-रुंदी-खोली. बकेटला न निघणारा खडक किंवा पाणी लागलं तर तिथून पुढे तासावर. माल कुठे टाकायचा आणि ती जागा कोणी द्यायची. बुजवताना कुटायचं की नुसतं लोटायचं. शेवटची ओळ सर्वात जास्त भांडणं वाचवते. कुटायचं असेल तर १५० ते २०० मिलिमीटरचे थर करून, प्रत्येक थर वेगळा कुटावा लागतो आणि त्याला बराच वेळ जातो. एकदम लोटलेला चर पहिल्या पावसानंतर खचतो आणि फोन आपल्यालाच येतो.

जागा बघायला जाताना टेप सोबत असू द्या. तीन टनी मशीन साधारण दीड मीटर रुंद असतं, पण फाटकातून आत गेल्यावर वळायला जागा आहे का, मागचा भाग भिंतीला लागेल का, तेही मोजा. वर विजेच्या तारा, खाली सेप्टिक टँकचं झाकण, जुनी विहीर, पातळ फरशी बघून ठेवा. खोदायचा क्रम तिथेच ठरवा. दूरच्या टोकापासून सुरुवात करून बाहेर पडायच्या वाटेकडे मागे यायचं, नाहीतर मशीन आपल्याच चरामागे अडकतं.

जमिनीखालच्या वाहिन्यांबाबत मालकाच्या आठवणीवर विसंबू नका. वीज, पाणी, गॅस, केबल यांच्या आखणीची विचारणा संबंधितांकडे करून खुणा करून घ्या, आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर हातानेच खोदा. खोदताना नजर बकेटच्या दातांसमोरच्या मातीवर असावी. एकसारख्या घट्ट मातीत अचानक भुसभुशीत, दोन-तीन रंगांची मिसळलेली माती आली, तर तिथे आधी कोणीतरी खोदलेलं आहे. त्यानंतर स्वच्छ वाळू किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली की बकेट तिथेच थांबवायची आणि फावडं घ्यायचं; वाळूच्या त्या थरातच बहुतेकदा पाइप किंवा केबल असते. खुणांशेजारी काम करताना दातांची बकेट काढून सपाट धारेची लावलेली बरी. सावकाश काम होतं, पण केबल फाटण्याचा धोका बराच कमी होतो.

चराच्या खोलीबाबत कोणतीही सवलत देऊ नका. १.२ मीटरहून खोल, सरळ उभ्या भिंतींच्या चरात आधार दिल्याशिवाय किंवा बाजू उतरत्या केल्याशिवाय कोणालाही उतरू द्यायचं नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. ढीग काठापासून निदान ०.६ मीटर लांब टाका, मशीन त्याहूनही लांब उभं करा. मालकाचा प्लंबर "दोनच मिनिटं" म्हणून उडी मारायला निघतो, तेव्हा थांबवायचं काम ऑपरेटरचंच आहे. जमीन ओली किंवा आधी भराव टाकलेली असेल तर कमी खोलीतही हीच काळजी घ्या.

मशीनच्या बाजूने सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे उतरलेला रबर ट्रॅक. ताण कमी असतो, उतारावर आडवं उभं राहून जागच्या जागी वळलं जातं, आणि स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकात, दगड जातो. यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की ट्रॅक उतरतो. ताण रोज सकाळी बघा, वळणं टप्प्याटप्प्याने घ्या. ब्रेकरच्या कामाला दर वेगळाच लावा. ब्रेकरची छन्नी पृष्ठभागाला काटकोनात धरायची, एका जागी १५-२० सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदलायची, छन्नी दगडावर टेकलेली नसताना रिकामी ठोक अजिबात द्यायची नाही आणि दर दोन तासांनी छन्नीला ग्रीस द्यायचं. छन्नी पहारीसारखी वापरून दगड उपटायला गेलं की ती मोडते.

काही कामं नाकारावीत. घराच्या पायाला लागून असलेलं मोठं झाडाचं खोड, जुन्या भिंतीच्या तळाखाली खोदणं, बकेटला पट्टा लावून आवाक्याच्या टोकावर जड वस्तू उचलणं. बूम (मशीनचा मुख्य हात) पूर्ण बाहेर आणि बाजूला वळलेला असताना लहान मशीनची उचल फारच कमी होते. कुठल्या आवाक्यावर किती वजन उचलता येतं ते सांगणाऱ्या लोड चार्टवर हे स्पष्ट दिसतं.

विम्याचे कागद पहिल्या कामाआधी काढून वाचा. स्वतःच्या वापरासाठी घेतलेली पॉलिसी भाड्याच्या कामावर झालेलं नुकसान बहुधा धरत नाही, आणि मशीनचा विमा म्हणजे दुसऱ्याच्या पाइपाचा, भिंतीचा विमा नव्हे. दोन्ही गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या.

काम सुरू करताना आणि संपवताना अवरमीटरचा फोटो काढून मालकाला तिथेच पाठवा, तासांवरून वाद उरत नाही. मग ट्रॅकमधला चिखल ओला असतानाच फावड्याने काढा. रात्रभर सुकला की तो ट्रॅकच्या आतल्या रोलरभोवती दगडासारखा बसतो, दुसऱ्या दिवशी रोलर न फिरता घासतात आणि त्यांची सील जातात. गुंडाळलेली तार, दोरी, प्लास्टिक याच वेळी कापून काढा, तीच पुढे फायनल ड्राइव्हच्या (ट्रॅक चालवणाऱ्या गिअरच्या) सीलमध्ये शिरते. सगळ्या पिनांना ग्रीस द्या, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो दर ठरवतानाच धरलेला असावा.