मोटर बंद करायचीय हे डोक्यात ठेवणं सुटलं

सकाळी सहा ते नऊ घरात काय चालतं ते नोकरी करणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको. गच्चीच्या टाकीची मोटर वीस मिनिटांनी बंद करायची, कुकर, लेकाची आंघोळ, त्याची व्हॅन, मग साडेनऊचा कॉल. हात पोळ्या लाटत असतात पण डोकं तेव्हाच चार ठिकाणच्या वेळा सांभाळत असतं, आणि मला दमवायचं ते हेच, काम नाही. लॉगिन करेपर्यंत डोकं नुसतं भणभणायचं.

मोबाइलचा टायमर लावून बघितला. त्यात आकडे दिसतात पण वीसातले किती गेले हा हिशोब परत आपणच करायचा, आणि बघायला फोन उचलला की शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज समोर, दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही.

लेकाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि शांत बसणं त्याला जड जातं, त्याच्या स्पेशल एज्युकेटर मॅडमनी व्हिज्युअल टायमर आणायला सांगितला. 60 मिनिटांची तबकडी, हवी तेवढी लाल चकती ओढायची आणि वेळ जाईल तसतसं लाल कमी होत जातं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स यांनी 1994 मध्ये हा आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी बनवला, ती सारखी 'अजून किती वेळ' विचारायची म्हणून. सासूबाईंनी बघितल्या बघितल्या ओळखलं, म्हणाल्या अगं लग्नात घंगाळात घटिकापात्र ठेवायचे तसंच की हे. खरंच आहे, तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की 24 मिनिटांची एक घटिका झाली, वेळ सगळ्यांच्या डोळ्यासमोर.

आणला लेकासाठी, पण पहिला फरक मला पडला. ओट्यावर मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला, मोटर चालू केली की वीसवर ओढायचा. फोडणी देताना मान वर केली की लाल पातळ झालेलं दिसतं, बास, मधल्या वेळात मोटरचा विचारच येत नाही. लेकाला मी आधी दर दोन मिनिटांनी 'आवर रे' म्हणायचे, आता तोच बूट घालताना 'आई, अजून लाल आहे' म्हणतो, आणि आमची रोजची सकाळची भांडणं बरीच कमी झालीयेत, याचं मला खूप समाधान आहे.

मॅडमनी एक बजावलं होतं, टायमर धाक म्हणून वापरायचा नाही, लाल संपलं म्हणून ओरडायचं नाही, नाहीतर मूल त्याच्याकडे बघेनासंच होतं. हे मला फार पटलं. आणि एका वेळी एकाच कामाला लावायचा. दोन टायमर शेजारी ठेवले की कुठला कशाचा हे परत लक्षात ठेवा, म्हणजे तेच ओझं.

घेणार असाल तर टिकटिक न करणारा बघून घ्या, काही स्वस्तातले फार वाजतात आणि अशा काही मुलांना तो आवाज सहन होत नाही. चकती गडद रंगाची हवी, लांबून दिसली पाहिजे, आणि मुलासाठी लावणार असाल तर ठेवायचा तो त्याच्या नजरेच्या उंचीवर, आपल्या नाही.