घडी घाला, पेटीत टाका

पूर्व जर्मनीत मतदानाला लोक ‘कागदाची घडी घालायला जाणं’ म्हणत. मतपत्रिकेवर एकच यादी. कागद तसाच दुमडून पेटीत टाकला की झाला होकार. नकार द्यायचा तर आडोशाला जाऊन एकेक नाव खोडायचं. आणि आडोशाला कोण गेलं, यावर नजर असायचीच. मग हा खटाटोप कशाला? सत्ता कुणाची हे ठरवायला नव्हेच. मुकाट्याने कोण येतो, कोण अडतो, ते कळतं. वर जगापुढे नाचवायला आकडा मिळतो. गोची झाली ७ मे १९८९ला. कायद्याने मतमोजणी खुली होती, म्हणून नागरिक केंद्रांवर जाऊन स्वतः आकडे टिपत बसले. बर्लिनच्या वायसेनझे भागात त्यांच्या बेरजेत नकाराची मतं जाहीर आकड्यापेक्षा जास्त भरली. देशभराचा सरकारी होकार मात्र ९८.८५ टक्के!