डिक्शनऱ्यांची लिस्ट कीवरून गाळताना

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गूळ सौद्यांची यादी पायथनमध्ये घेतली की प्रत्येक ओळीची एक डिक्शनरी, म्हणजे नाव (की) आणि त्याची माहिती (व्हॅल्यू) अशा जोड्यांचा संच, होते: तालुका, रव्याचं (गुळाच्या ढेपेचं) वजन, दर, शेतकऱ्याचं नाव. त्यातल्या फक्त कागलच्या नोंदी हव्या असतील तर लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची (चौकोनी कंसातच 'फॉर' आणि 'इफ' लिहून नवी लिस्ट बनवणारी) एक ओळ पुरते. 'फिल्टर' आणि लॅम्डाचा (बिननावाच्या छोट्या फंक्शनचा) घाट कशाला घालायचा? शिवाय पायथन ३ मध्ये 'फिल्टर' लिस्ट देतच नाही, इटरेटर (एकेक नोंद क्रमानं हाती देणारा) देतो, आणि तो एकदा फिरवला की संपला.

खरी गोम कीमध्ये आहे. चौकोनी कंसात की लिहिली आणि एखाद्या नोंदीत ती नसली की तिथंच कीएरर. म्हणून सगळे 'गेट'कडे वळतात. की नसली तर 'गेट' गुपचूप नन (None, म्हणजे 'काहीच नाही') देतो. तालुका जुळवायला ते चालतं, पण दर ३५०० च्या वर आहे का विचारलंत की टाइपएरर, कारण ननची आकड्याशी तुलना होत नाही. मग 'गेट'ला शून्य डिफॉल्ट (की नसली तर द्यायची व्हॅल्यू) द्यायचा मोह होतो. देऊ नका. '३५०० पेक्षा कमी' गाळताना दर न लिहिलेल्या साऱ्या नोंदी आत घुसतात. आधी 'इन'नं की आहे का बघा, मग 'अँड' लावून तुलना करा.

पायथनच्या डिक्टरीडरनं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) वाचली असेल तर तेवढ्यानं भागत नाही. रिकाम्या रकान्याचीही की हजर असते, व्हॅल्यू असते रिकामी स्ट्रिंग (मजकूर). आकडेही स्ट्रिंगच, तुलना अक्षरागणिक होते, त्यामुळं ५ किलोचा रवा ३० किलोच्या रव्यापेक्षा मोठा ठरतो! रिकामे वगळून बाकीचे 'इंट' या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून काढा. देवनागरी अंकसुद्धा तो बिनतक्रार वाचतो.

की डोळ्यांना दिसते, तरी सापडत नाही? 'प्रिंट' सोडा, 'आस्की' फंक्शननं की छापा, म्हणजे न दिसणारी अक्षरंही कोड म्हणून दिसतील. पहिल्याच रकान्याची रड असेल तर बहुधा एक्सेलनं फाइलच्या सुरुवातीला घातलेला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) कीला चिकटलाय. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. 'शेतकऱ्याचं नाव' ही की मात्र जास्त छळते. त्यातला 'ऱ' कुणाच्या कीबोर्डवरून एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) येतो, कुणाच्या र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' एनएफसी (सुटे कोडपॉइंट जोडून एक करणारा प्रकार) देऊन चालवलं की दोन्ही एक होतात. तिसरा प्रकार र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असा असतो. एनएफसी त्याला हातही लावत नाही, तो 'रिप्लेस'नंच बदलावा लागतो. ही साफसफाई फाइल वाचतानाच, की आणि व्हॅल्यू दोन्हींवर करा, आणि गाळणीत लिहिलेली कीसुद्धा त्याच फंक्शनमधून काढा.