आईच्या नवसाची वारी

आमच्या घरात कळसूबाईला कुणी डोंगर म्हणत नाही. आईचं माहेर घोटीकडचं. तिथल्या ओट्यावरून दक्षिणेला तो सुळका दिसतो, आणि पाऊस उघडणार की नाही हे आजोबा त्याच्याकडे बघून सांगायचे. "आज बाईनं पदर घेतलाय" म्हणजे माथ्यावर ढग, कपडे वाळत घालू नका.

कॉलेजात असताना मी एका ग्रुपबरोबर रात्रीतून चढून सकाळी उतरले होते. घरी आल्यावर ऐटीत म्हणाले, "कळसूबाई केलं." आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बाईला करतात होय? बाईकडे जातात." मला तेव्हा हसू आलं होतं.

गेल्या नवरात्रात मी बाईकडे गेले, तेही आईच्या वतीनं. नवस १९८९ सालचा. धाकट्या भावाला दोन वर्षांचा असताना कावीळ झाली, चांगलीच वाढली. आईनं कबूल केलं, पोर उठून बसू दे, वर येऊन ओटी भरीन. पोर उठून बसलं. आज अडतीस वर्षांचा आहे, पुण्यात असतो आणि पोट कमी करायच्या गोष्टी करतो. आईचं मात्र राहून गेलं. आधी नोकरी, मग सासूबाईंचं आजारपण, मग गुडघे. दर नवरात्रात घट बसला की तिला ते आठवायचं आणि ती दोन दिवस गप्प व्हायची.

"पायथ्याला देऊळ आहे ना बाईचं? ज्यांना वर जाणं होत नाही ते तिथंच हात जोडतात. गाडीनं नेते तुला," मी म्हणाले.

"नवस वरचा आहे," आई म्हणाली. मग जरा वेळानं, "पाय तुझे चालतील."

तिच्या अटी दोन, अनवाणी जायचं आणि ओटी भरेपर्यंत काही खायचं नाही. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बांगड्या आणि एक भलामोठा नारळ तिनं स्वतः बांधून दिला. लहान नारळ घे म्हटलं तर म्हणाली, "छत्तीस वर्षांचं व्याज आहे." हा नारळ पुढे दिवसभर सॅकमधून माझ्या पाठीत टोचत राहिला.

पाचव्या माळेला पहाटे नाशिकहून एसटीनं घोटी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला जीप. जीपमध्ये किती माणसं होती ते मोजायला मान वळत नव्हती. माझ्या मांडीवर एका अनोळखी पोरीची फुलांची पिशवी आणि पिशवीवर तिचंच डोकं, झोपलेलं. ती पोर आणि तिची आजी, अशी माझी दिवसभराची सोबत जीपमध्येच ठरली. आजीला मी मावशी म्हणाले. साठीच्या पुढच्या असतील. नऊवारी, कपाळाला कुंकू, हातात काठी नाही की पाण्याची बाटली नाही. माझी सॅक, टोपी, बाटलीची नळी हे सगळं त्यांनी एकदा नीट बघून घेतलं आणि विचारलं, "मुक्कामाला चाललीस का काय?"

बारीला उतरून चपला एका ओळखीच्या घरी ठेवल्या, म्हणजे मावशींच्या ओळखीच्या. मी माझ्या सॅकमध्ये टाकल्या, लपवून. बारी हे अकोले तालुक्यातलं गाव, वस्ती बरीचशी महादेव कोळ्यांची. गावाबाहेर पडलं की ओढा, मग भातखाचरं. भात पोटरीतून बाहेर पडून वाकायला लागलं होतं. बांधावरून चालताना दवानं पाय गारठले आणि मला वाटलं, अनवाणी म्हणजे काही फार नाही. हे सुख मारुतीच्या देवळापर्यंत टिकलं. पुढे मुरूम. बुटातून जो दगड कळतही नाही, तो तळव्याला नाव-गाव विचारतो. पहिल्या अर्ध्या तासात मी फक्त जमिनीकडे बघत होते. डाव्या उतारावर खुरासणी पिवळीधमक फुलली होती, कडेला सोनकीचे ताटवे होते. हे मी पाहिलं, कारण ती पोर मला हाताला धरून दाखवत होती. वरईचा एक तुकडाही तिनं दाखवला. उपासाला शहरात पाकिटातून आणतो ती हीच, हे मला ठाऊक होतं, पण कणसं कशी लोंबतात ते पहिल्यांदाच पाहिलं.

मावशी पुढे. त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. पाऊल आधी ठेवायचं, मग त्यावर वजन टाकायचं, आणि बोलणं थांबवायचं नाही. बारीपासून माथा जवळजवळ नऊशे मीटर वर आहे. मी दर वळणाला घड्याळ बघत होते. मावशी दर वळणाला कुणाला तरी भेटत होत्या. वर जाणारे "आई उदे गं अंबे उदे" म्हणत, खाली येणारे बाजूला होऊन वाट देत. एक म्हातारबुवा पाठीवर तेलाचा डबा घेऊन चालले होते, वरच्या दिव्यासाठी.

मधल्या एका सपाटीवर ताक-सरबताची झोपडी लागली. मला खायला मनाई होती, पिण्याबद्दल आई काही बोलली नव्हती, म्हणून लिंबू सरबत घेतलं. झोपडीमागे एक बाई स्टीलचे पेले राखेनं घासत बसली होती. शंभर तरी असतील. पाणी खालून कळशीनं आणलेलं, म्हणून एकाच पातेल्यात विसळणं चाललं होतं. तिच्याकडे बघत मावशी म्हणाल्या, "बाईला हेच काम नको व्हतं."

ही गोष्ट दोन-तीन तऱ्हांनी सांगतात. मावशींची अशी. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोऱ्याच्या पाटलाकडे कामाला राहिली. राहतानाच बोलली, दोन कामं करणार नाही. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकी सांगाल ते. पाटील कबूल झाला.

"मग?"

"मग काय. पाव्हणे आले."

आम्ही दोघी एकदम हसलो. पेले घासणारी बाईही हसली. पाहुणे आले म्हटल्यावर पुढचं कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. घरात माणसांची झुंबड, उष्ट्या ताटांची चळत, आणि पाटील म्हणाला, एवढ्या वेळी कर. तिनं केलं आणि उठून डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. जिथं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथं जाऊन राहिली तो हा डोंगर.

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलेय, पण आई ती नेहमी 'रुसून गेली' अशी सांगते. मावशी 'रुसून' म्हणाल्या नाहीत. त्यांचा शब्द होता, "बोली मोडली." मला एकदम पाटलाचा राग आला. आमच्या ऑफिसात दरवर्षी कुणाच्या तरी निरोप समारंभाला चहाचे कप गोळा करायला सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच वळतात, हे त्या क्षणी का आठवावं!

पुढे शिड्या. आईच्या आठवणीत शिडी नाही, साखळी आहे. चौदा वर्षांची असताना ती आत्याबरोबर आली होती, तेव्हा कड्यात खोदलेल्या खोबणीत पाय आणि हातात साखळी. साखळ्या अजून आहेत. एका ठिकाणी मी मुद्दाम ती हातात धरून बघितली. मधल्या कड्या झिजून गुळगुळीत झालेल्या, टोकाच्या खरखरीत. शिडीवर मात्र गर्दी अडली होती. लोखंड ओलं आणि गार, अनवाणी पायाला उलट बरं वाटत होतं. माझ्या वर एक तरुणांचा घोळका, कुणाच्या तरी पाठीवर स्पीकर वाजतोय. 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणून व्हिडिओ काढणं चाललेलं. मला हे नाव कधीच आवडलं नाही. १६४६ मीटरचा डोंगर आहे, राज्यातला सगळ्यात उंच आहे, स्वतःचं नाव आहे, दुसऱ्याचं उसनं कशाला? त्यांच्यातला एक विचारत होता, हा किल्ला कुणी बांधला. दुसऱ्यानं बरोबर सांगितलं की हा किल्ला नाही, किल्ल्यांत सगळ्यात उंच बागलाणातला साल्हेर. तेवढ्यावर मी त्यांना माफ केलं. शिवाय त्यांनीच मावशींच्या नातीला उचलून शिडीचा मोडका टप्पा पार करून दिला.

शेवटच्या शिडीच्या आधी सपाटी आहे आणि तिथं विहीर. एवढ्या उंचीवर विहीर, हे कितीदा पाहिलं तरी डोक्यात बसत नाही. मावशी थांबल्या, पाय धुतले, नातीचे धुतले, मग माझ्या पायांकडे बघितलं. उजव्या टाचेला चीर पडून रक्त येत होतं, मला पत्ताच नव्हता. त्यांनी पोहऱ्यानं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "बाटली भरून घे. आईला ने."

"बिसलरी आहे माझ्याकडे, मावशी."

"ते ने मग," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. मी बिसलरी ओतून टाकली आणि विहिरीचं पाणी भरलं.

माथ्यावरचं देऊळ खोलीएवढंही नाही. एका वेळी चार माणसं आत मावतात. बाहेर रांग, वारा असा की पदर खोचावाच लागतो. आत शेंदूर, झेंडूच्या माळा, उदबत्तीचा धूर, आणि ओट्यांचे एवढे खण की देवी त्यात बुडाल्यासारखी. मी आईचं नाव सांगितलं, ओटी ठेवली. भावाचं नाव सांगताना घसा का दाटला कोण जाणे. आठ-दहा सेकंद मिळाले असतील. मागून "चला, चला" सुरू झालंच.

बाहेर आले तेव्हा एक बाई खराट्यानं देवळाची पायरी झाडत होती. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे. कुणी काही बोललं नाही.

ढग फाटला आणि पंधरा-वीस मिनिटं सगळं उघडं पडलं. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एकाला एक चिकटून उभे. खाली भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं ते धरण १९२६ सालचं, वरून मात्र पाणी कायमचंच असावं असं दिसतं. त्यापलीकडे रतनगड आणि त्याचा खुटा, आणखी मागं धुरकट हरिश्चंद्रगड. उत्तरेला अंजनेरी, त्र्यंबकचा ब्रह्मगिरी. मी बोट करून नावं सांगत होते. मावशींना किल्ल्यांशी देणंघेणं नव्हतं. त्या खालच्या खाचरांकडे बघून कुणाचं भात आधी कापणीला येणार ते नातीला सांगत होत्या, आणि एवढ्या वरून त्यांना बांध ओळखू येत होते.

उतरताना मी हरले. दुसऱ्या शिडीखाली टाच टेकवेना. सॅकमधून चपला काढल्या तेव्हा मला चोरी पकडल्यासारखं झालं. मावशी म्हणाल्या, "घाल गं. ओटी भरली ना? आता तू मोकळी." संध्याकाळी बारीत त्यांनी मला पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. जेवण झाल्यावर मी ताट उचलून मोरीकडे निघाले तर ओरडल्या, "ठेव ते! पाव्हणी तू." मग त्यांनाच हसू फुटलं.

घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. आईनं टाच बघितली, हळद लावली. दर्शन कसं झालं, गर्दी किती होती, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "विहिरीला पाणी होतं?"

मी बाटली पुढे केली. तिनं भांड्यात ओतून घेतलं, उभ्यानं प्यायली. "तेव्हा याहून गार होतं," म्हणाली, आणि फोन घेऊन भावाला लावला.

"फिटलं रे बाबा तुझं."

स्पीकर चालू होता. पलीकडे टीव्हीचा आवाज, मग थोडी शांतता.

"काय फिटलं?" त्यानं विचारलं.