दोष सर्व्हरचा नव्हता

आज नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे होतो. आवकेच्या नोंदी चढवताना सॉफ्टवेअर अक्षरशः रांगायचं. जो तो म्हणे, सर्व्हर बदला. सर्व्हर ठणठणीत होता ना बे!

जेडीबीसीत, म्हणजे जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यात, ऑटोकमिट (प्रत्येक बदल लगेच कायम करणं) मुळातच चालू असतं. म्हणजे प्रत्येक इन्सर्ट (नवी ओळ घालणं) हे वेगळं ट्रान्झॅक्शन (एकदमच कायम होणारा बदलांचा संच), आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस दर कमिटला, म्हणजे बदल कायम करताना, त्यांचा लॉग डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबतं. ऑटोकमिट बंद करून १००० ओळींमागे एक कमिट ठेवलं. तरी ओळी नेटवर्कवरून एकेक करूनच जात होत्या. त्या बॅचमध्ये, म्हणजे एकत्र गठ्ठ्याने, बांधल्या, तेव्हा खरा वेग आला.

मग मालक म्हणतात, सगळा दिवसच एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या की! नाही घेतला. शेवटच्या ओळीत गडबड झाली तर सगळं रोलबॅक, म्हणजे सगळ्याच नोंदी रद्द, आणि तोवर साठ्याच्या ओळींवर लॉक, बाकी काउंटर ताटकळत. त्यांना अजून पटलेलं नाही. उद्या तर्री-पोह्यांवर पुन्हा बोलू.